नदीमुखाच्या पाण्यातला सेंद्रिय कार्बन उपग्रहावरून मोजताना

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मोठ्या नदीच्या मुखापासून उघड्या समुद्रापर्यंतच्या पाण्यातला विरघळलेला सेंद्रिय कार्बन, म्हणजे डीओसी, उपग्रहाच्या माहितीवरून काढायचा आहे. वर्षभरात बोटीवरून गोळा केलेले ३८ नमुने हाताशी आहेत. प्रकाशित झालेली तीन सूत्रं लावून पाहिली तर तीन वेगळी उत्तरं आली, काही ठिकाणी एक दुसऱ्याच्या तिप्पट. शिवाय मुखाजवळ ४१२ नॅनोमीटरचं, म्हणजे निळ्या टोकाकडच्या पट्ट्यातलं, परावर्तन (पाण्यातून परत येणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण) शून्याच्या खाली जातं आहे. यातलं कुठलं सूत्र बरोबर धरायचं? आणि उपग्रह पाण्यात किती खोल बघतो?

सूत्राकडे मी उशिरा येणार आहे. वीसेक वर्षं हेच काम करताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की तीन सूत्रांची तीन उत्तरं येतात तेव्हा गोंधळ बहुतेक वेळा सूत्राच्या अलीकडे किंवा पलीकडे झालेला असतो. अलीकडे म्हणजे वातावरणाच्या दुरुस्तीत (एकूण प्रकाशातून हवेचा वाटा वजा करण्यात), आणि पलीकडे म्हणजे रंगावरून कार्बनकडे उडी मारताना. तुम्ही दिलेल्या वर्णनात मला दोन्ही ठिकाणी गडबड दिसते.

विरघळलेले सेंद्रिय पदार्थ म्हणजे पाचोळा, माती, शेवाळ, सूक्ष्मजीव या सगळ्यांतून पाण्यात उतरलेल्या हजारो संयुगांचं मिश्रण. त्यातला मोठा भाग रंगहीन असतो. तो कितीही वाढला तरी पाणी तसंच दिसतं आणि उपग्रहाला त्याचा पत्ताही लागत नाही. काही संयुगं मात्र, विशेषतः वनस्पतींच्या लिग्निनपासून आलेली ह्युमिक द्रव्यं, अतिनील आणि निळा प्रकाश शोषून घेतात. या रंगीत हिश्श्याला आम्ही सगळे सीडॉम म्हणतो. कुर्ट काल्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात त्याला ‘गेल्बस्टोफ’, म्हणजे पिवळा पदार्थ, असं नाव दिलं होतं. जुन्या लेखांत तुम्हाला तेच भेटेल. मुखाजवळचं पाणी गाळून लांब काचनळीत भरा आणि पांढऱ्या कागदावर धरा. भिजलेल्या वाळक्या पानांचा रंग दिसेल. उपग्रहाच्या हाती लागतो तो एवढा रंग. डीओसी हा त्यावरून आपण बांधलेला अंदाज असतो.

सीडॉमचं शोषण तरंगलांबी कमी होईल तसं घातांकी वेगाने वाढतं. ही वाढ किती तीव्र आहे हे सांगणाऱ्या आकड्याला आपण उतार म्हणतो. एक उदाहरण हाताने सोडवून बघा, त्याने पुढचं सगळं सोपं होईल. समजा १० सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना भरायच्या काचपात्रात) ४४० नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स ०.०३५ आला. त्याला २.३०३ ने गुणा आणि ०.१ मीटरने भागा. शोषण गुणांक आला सुमारे ०.८१ प्रति मीटर. उतार ०.०१७ प्रति नॅनोमीटर धरला तर ४१२ ला हाच गुणांक १.३० होतो, ५६० ला ०.१०५ वर येतो आणि ६६५ ला जेमतेम ०.०१८ उरतो. आता शुद्ध पाण्याचं स्वतःचं शोषण शेजारी ठेवा: ४४० ला ०.००६ च्या आसपास, ५६० ला ०.०६ च्या आसपास, ६६५ ला ०.४ च्या वर. म्हणजे निळ्यात सगळी सत्ता सीडॉमची, लाल रंगात सगळी पाण्याची, आणि हिरव्यात दोघांची जवळपास बरोबरी. हे तीन आकडे डोक्यात ठेवले की तरंगलांबीचा कुठला पट्टा कुठल्या पाण्यात कामाचा हे पाठ करावं लागत नाही.

यावरून तुमच्या ४१२ च्या तक्रारीचा अर्धा उलगडा होतो. मुखाजवळच्या पाण्यात निळा प्रकाश शिरतो तो बाहेर येतच नाही. तिथलं ४१२ चं खरं परावर्तन शून्याला चिकटलेलं असतं. उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या एकूण प्रकाशात पाण्यातून आलेला वाटा स्वच्छ समुद्रावरही फार तर एक दशांशाच्या घरात असतो. बाकीचा सगळा हवेच्या रेणूंनी आणि धूलिकणांनी विखुरलेला प्रकाश, शिवाय पृष्ठभागावरून परतलेली चमक. पाण्याचा वाटा एक दशांश असताना एकूण प्रकाश मोजण्यात एक टक्क्याची चूक झाली तर पाण्याच्या आकड्यात दहा टक्क्यांची होते. गडद पाण्यावर निळ्या पट्ट्यात पाण्याचा वाटा समजा दोन टक्केच असेल, तर तीच एक टक्क्याची चूक पाण्याच्या आकड्याचा निम्मा भाग खाऊन टाकते. म्हणून शून्याखाली जाणारं परावर्तन बघून घाबरू नका, पण त्याच्याकडे डोळेझाकही करू नका. वजाबाकीत हवेचा वाटा जास्त काढला गेला आहे, एवढं ते स्पष्ट सांगतं.

जास्त का काढला गेला, याचं नदीमुखावरचं नेहमीचं कारण गाळ. नेहमीची पद्धत अशी की जवळच्या अवरक्त पट्ट्यांत पाणी काळं आहे असं धरायचं, तिथे जो प्रकाश आला तो सगळा धूलिकणांचा समजायचा आणि त्यावरून निळ्यातल्या धूलिकणांचा अंदाज बांधायचा. उघड्या समुद्रावर हे चालतं. गढूळ पाण्यात मात्र गाळ अवरक्तातही प्रकाश परत पाठवतो. पद्धतीला तो धूर किंवा धूळ वाटतो, आणि निळ्यात भलतीच मोठी वजाबाकी होते. नवीन प्रणाल्या यावर तोच हिशेब पुन्हा पुन्हा सुधारत तोडगा काढतात किंवा १,६०० आणि २,२०० नॅनोमीटरच्या आसपासचे लघुतरंग अवरक्त पट्टे वापरतात, कारण तिथे पाणी इतकं शोषतं की गढूळ पाणीही जवळपास काळंच राहतं. काठाजवळ आणखी एक भानगड असते. जमिनीवरची हिरवाई अवरक्तात फार उजळ असते आणि तिचा प्रकाश हवेत विखुरून शेजारच्या पाण्याच्या पिक्सेलमध्ये मिसळतो. अरुंद मुखात हा शेजारधर्म पाण्याच्या खऱ्या संकेताहून मोठा असू शकतो.

तपासणीची एक साधी युक्ती सांगतो, ती मी प्रत्येक नव्या जागेवर पहिल्या दिवशी करतो. परावर्तनाच्या नकाशाआधी त्याच दिवसाचा हवेतल्या धूलिकणांच्या जाडीचा, म्हणजे ते किती दाट आहेत याचा, नकाशा उघडा, जो त्याच फाइलमध्ये मिळतो. हवेला नदीमुखाशी काही देणंघेणं नसतं. धुळीचा पट्टा वाऱ्याबरोबर जमिनीवरून समुद्रावर सरळ ओलांडून जातो. त्या नकाशात तुमच्या नदीच्या पाण्याच्या पट्ट्याचा आकार उमटलेला दिसला, तीच वळणं, तीच धार, तर पाणी हवेच्या खात्यात गेलं आहे. मग कुठलंही सूत्र लावा, आत जातोय तो आकडाच चुकीचा आहे. तुमच्या तिन्ही सूत्रांपैकी दोन ४१२ वर उभी आहेत. त्यांची उत्तरं मुखाजवळ एकमेकांपासून दुरावणं अगदी स्वाभाविक आहे.

आणि कृपा करून ते ऋण पिक्सेल नुसते गाळून टाकू नका. मी सुरुवातीच्या काळात हेच केलं होतं. ऋण आले ते खराब, असं धरून झाकले आणि उरलेल्यांची मासिक सरासरी काढली. पुराच्या महिन्यात कार्बन कमी झाल्याचं चित्र आलं. नंतर लक्षात आलं की झाकले गेलेले पिक्सेल म्हणजेच सर्वात गडद पाणी होतं. कार्बन जिथे सर्वाधिक तीच जागा मी हिशेबातून काढली होती. तेव्हापासून मी सरासरीच्या नकाशाशेजारी प्रत्येक पिक्सेलला किती दिवस वैध मिळाले याचा नकाशा ठेवल्याशिवाय काहीच दाखवत नाही.

आता परावर्तन ठीक मिळालं असं समजू. त्यातून सीडॉम वेगळा काढायचा तर दोन भिडू आडवे येतात: प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं) हरितद्रव्य आणि निर्जीव कणांचा चुरा. हरितद्रव्याचं शोषण ४४३ च्या आसपास शिखर गाठतं आणि ४१२ कडे उतरतं. सीडॉमचं मात्र वाढतच जातं. वरच्या उदाहरणात ४४३ पासून ४१२ पर्यंत ते जवळपास १.७ पट होतं. ४१२ चा पट्टा उपग्रहांवर बसवला गेला तो मुख्यतः हा फरक पकडण्यासाठी. समुद्राचा रंग मोजणाऱ्या १९७८ सालच्या सीझेडसीएस या उपग्रही यंत्रावर तो नव्हता. १९९७ च्या सीविफ्स या यंत्रापासून तो कायम आहे.

चुऱ्याची गोष्ट जास्त अवघड. निर्जीव कणांचं शोषणही घातांकी असतं, उतार फक्त थोडा मंद, साधारण ०.०११ च्या घरात. चार-पाच रुंद पट्ट्यांतून सीडॉम आणि चुरा वेगळे करणं जवळपास अशक्य आहे. म्हणून क्यूएए, जीएसएम, जीआयओपी अशा परावर्तनावरून शोषण काढणाऱ्या अर्ध-विश्लेषणात्मक पद्धती दोघांची बेरीजच देतात. फाइलमध्ये त्या राशीला ‘एडीजी’ असं नाव असतं, त्यातला ‘डी’ चुऱ्याचा. उघड्या समुद्रात या बेरजेत बहुतांश वाटा सीडॉमचाच असतो, त्यामुळे फरक पडत नाही. गाळ आणणाऱ्या नदीमुखावर चुरा निम्म्यावरही जाऊ शकतो. तुमच्या वर्णनावरून तुम्ही ही बेरीज थेट सीडॉम म्हणून वापरली आहे. एका उत्तराच्या तिप्पट मोठं दुसरं उत्तर का, याचा बराचसा खुलासा मला इथेच होतो. पुढच्या फेरीत गाळणीवर उरलेल्या कणांचं शोषण वेगळं मोजा. मग बेरजेतला सीडॉमचा वाटा तुमच्या पाण्यासाठी तुम्हालाच सांगता येईल.

हरितद्रव्याच्या बाजूने पाहिलं तर हेच दुखणं उलटं दिसतं. निळा-हिरवा गुणोत्तरावरून हरितद्रव्य काढणारी नेहमीची सूत्रं निळा प्रकाश कमी झाला की प्लवक वाढले असं समजतात. बाल्टिक समुद्रासारख्या सीडॉमने भरलेल्या पाण्यात ती हरितद्रव्य फुगवून सांगतात, हे फार जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. मोरेल आणि प्रियर यांनी १९७७ मध्ये पाण्याचे दोन वर्ग केले ते याच कारणासाठी: एकात सगळं काही प्लवकांबरोबर वाढतं-घटतं, दुसऱ्यात सीडॉम आणि गाळ आपापल्या मर्जीने वागतात. तुमचं मुख दुसऱ्या वर्गात, तुमचा बाहेरचा समुद्र पहिल्या वर्गात. दोन्हीकडे एकच सूत्र ओढू नका.

सर्वात जास्त काळजी घ्यावी लागते ती सीडॉमवरून डीओसीकडे जाताना. महासागरात विरघळलेल्या सेंद्रिय रूपात सुमारे ६६० अब्ज टन कार्बन आहे, वातावरणातल्या कार्बनच्या तोडीचा साठा. नद्या त्यात दरवर्षी साधारण पाव अब्ज टनाची भर घालतात. एवढ्या मोठ्या साठ्याचा जो हिस्सा रंगीत आहे तो एकूण डीओसीच्या ठरावीक प्रमाणात असतो, असा नियम नाही. उघड्या समुद्रात तर नातं चक्क उलटं होतं. सारगासो समुद्रातल्या दीर्घकालीन मोजण्यांत उन्हाळ्यात पृष्ठभागावरचा डीओसी वाढतो, आणि त्याच वेळी सीडॉम घटतो, कारण वरच्या उबदार थरात अडकलेल्या पाण्याचा रंग सूर्यप्रकाशाने विटतो. उष्ण कटिबंधालगतच्या समुद्रात पृष्ठभागावर डीओसी ७० ते ८० मायक्रोमोल प्रति किलोग्रॅम आणि खोलात ४० च्या आसपास, तर रंग मात्र वर फिका आणि खाली गडद. तिथे रंग बघून कार्बन सांगणारा नकाशा दिशाच चुकेल.

नदीमुखावर नातं चांगलं जुळतं, पण का जुळतं ते समजून घ्या. नदीच्या पाण्यात दोन्ही भरपूर, समुद्राच्या पाण्यात दोन्ही कमी, आणि मधल्या पट्ट्यात दोघं मिसळतात. सीडॉम आणि डीओसी यांच्या आलेखातली तुमच्या ३८ बिंदूंची सरळ रेषा म्हणजे मुख्यतः ही मिसळण. क्षारतेविरुद्ध सीडॉम आणि क्षारतेविरुद्ध डीओसी असे दोन आलेख आधी काढा. दोन्ही सरळ आले तर मिसळण निर्वेध चालली आहे आणि तुमच्या रेषेची दोन टोकं म्हणजे नदी आणि समुद्र. नदीचं टोक बदललं की रेषेचा उतार बदलणार. पुराच्या पहिल्या लोटात मातीतली आणि पाचोळ्यातली गडद ह्युमिक द्रव्यं येतात, कार्बनच्या प्रत्येक एककामागे रंग जास्त. नदी आटलेली असताना भूजलाचं आणि नदीतच वाढलेल्या शेवाळाचं पाणी येतं, तेवढ्याच कार्बनमागे रंग कमी. वर्षभराचे नमुने एकाच रेषेत बसवले की पुरात कार्बन जास्त सांगितला जातो आणि आटलेल्या दिवसांत कमी. तुमच्या आलेखात रेषेच्या वर आणि खाली जे दोन पुंजके दिसतात त्यांना तारखेनुसार दोन रंग द्या. ते पुंजके ऋतूंचे निघतील असा माझा अंदाज आहे.

रेषेचा छेदही वाचा. सीडॉम शून्यावर नेला तरी डीओसी शून्य होत नाही, ६० किंवा ८० वर थांबतो. हा तुमच्या पाण्यातला रंगहीन कार्बन. उपग्रहाला तो कधीच दिसणार नाही. तो दर ऋतूत तेवढाच राहतो का, हे बाटलीनेच तपासायचं. मोठ्या प्लवक-बहराच्या वेळी तो वाढतो आणि आकाशातून काहीही कळत नाही.

याच ठिकाणी अतिनील पट्टा फार उपयोगी पडतो. २७५ ते २९५ नॅनोमीटर या तुकड्यातला उतार रेणूंच्या आकाराबरोबर आणि रंग किती विटला आहे त्याबरोबर बदलतो, हे हेल्म्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. फिशो आणि बेनर यांनी २०११ मध्ये २७५ आणि २९५ च्या शोषणांवरून किनारी पाण्यातला डीओसी थेट काढण्याची पद्धत दिली, आणि पुढच्याच वर्षी हा उतार जमिनीवरून आलेल्या कार्बनची खूण म्हणून वापरता येतो हे मांडलं. नमुना ताजा, उतार कमी. समुद्रात भटकून उन्हात विटलेला, उतार जास्त. उपग्रह एवढ्या लहान तरंगलांबीत बघू शकत नाही, ओझोनचा थर तिथे आडवा येतो. पण प्रयोगशाळेत तुम्ही तो मोजलेला असेल तर दृश्य परावर्तनाशी त्याची सांगड घालता येते, आणि कार्बनच्या प्रत्येक एककामागे रंग किती हा बदलता हिशेब आपल्या आवाक्यात येतो. तुमचं वर्णपटाचं यंत्र २५० पासून मोजत असेल तर २५० पासूनच फाइल साठवा. नंतर कुणी ४०० पासूनचीच फाइल पाठवली की मला मनापासून वाईट वाटतं, कारण मोजलेली माहिती फुकट गेलेली असते.

बाटलीपाशी जरा थांबतो, कारण उपग्रहाची सगळी पत या बाटलीवर आहे. सीडॉमसाठी ०.२ मायक्रोमीटरची गाळणी, डीओसीसाठी भट्टीत तापवलेली काचतंतूंची गाळणी. दोन्ही नमुने एकाच बाटलीत नेऊ नका: डीओसीच्या नमुन्यात आम्ल घालून सामू (पीएच) २ वर आणतात, सीडॉमच्या नमुन्यात आम्ल घातलं की रंगच बदलतो. सीडॉमचा नमुना गोठवूही नका. ४५० अंशांवर तापवलेल्या गडद काचेच्या बाटलीत, अंधारात, ४ अंशांवर ठेवा आणि शक्य तितक्या लवकर मोजा. गाळणीतून पहिलं शंभरेक मिलिलिटर पाणी जाऊ द्या आणि फेकून द्या. नव्या गाळणीतून सेंद्रिय पदार्थ सुटतात आणि स्वच्छ पाण्याच्या नमुन्यात तेच मोजले जातात. मोजण्याआधी बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड बाटलीतलं पाणी थेट भरलं की दहा मिनिटांत क्युव्हेटच्या भिंतीवर बारीक बुडबुडे धरतात आणि आलेख सगळ्या तरंगलांबींवर एकसारखा वर उचलला जातो. लाल टोकाला वाचन शून्याजवळ यायला हवं तिथे ०.००४ दिसलं तर पाण्याला दोष देण्याआधी क्युव्हेट उजेडासमोर धरून बघा.

या ०.००४ ला क्षुल्लक समजू नका. १० सेंटीमीटरच्या नळीत अ‍ॅब्सॉर्बन्समधला ०.००१ म्हणजे शोषण गुणांकात ०.०२३ प्रति मीटर. मुखाजवळ ०.८ मध्ये ही चूक खपून जाते. पण महासागराच्या स्वच्छ भागात ४४३ चा गुणांकच ०.००५ च्या घरात असू शकतो, अ‍ॅब्सॉर्बन्स फक्त ०.०००२. तिथे साधं यंत्र आपलाच गोंगाट (वाचनातली स्वतःची चढउतार) मोजत बसतं आणि मीटर-दोन मीटर लांबीची द्रव-वाहिनी, म्हणजे पाण्याने भरलेली प्रकाशवाहक नळी, वापरावी लागते. तुमच्या बाहेरच्या सात-आठ नमुन्यांचे आकडे याच मर्यादेखाली आहेत असं दिसतं. समीकरणात त्यांना मुखाच्या नमुन्यांइतकंच वजन देऊ नका.

उतार काढताना लॉगरिदम घेऊन सरळ रेषा बसवू नका. त्यात लांब तरंगलांबीकडचा गोंगाट रेषा ओढून नेतो. थेट घातांकी वक्र बसवा, आणि कुठून कुठपर्यंत बसवला ते आकड्यासोबत लिहा. ३५० ते ५०० मधला उतार आणि २७५ ते २९५ मधला उतार या दोन वेगळ्या राशी आहेत.

आता सूत्र. मुखाजवळ, जिथे ४४० चं शोषण ०.५ च्या वर आहे, तिथे ४१२ आणि ४४३ सोडून द्या आणि हिरवा भागिले लाल हे गुणोत्तर घ्या. वरच्या उदाहरणातलं ५६० आठवा: सीडॉम ०.१०५, पाणी ०.०६. गडद पाण्यात सीडॉम हिरव्यातही हात मारतो, लाल रंग मात्र तसाच राहतो, म्हणून गुणोत्तर घटत जातं. गडद तळ्यांसाठी हा मार्ग अनेक वर्षं यशस्वीपणे वापरला जातो आहे, आणि हिरव्या-लाल पट्ट्यांत हवेची चूक तुलनेने कमी असते. बाहेरच्या समुद्रात ते गुणोत्तर काहीच सांगणार नाही. तिथे क्यूएए किंवा जीआयओपी लावा. मधल्या पट्ट्यात दोन्ही उत्तरं एकमेकांत वजनाने मिसळा, नाहीतर नकाशावर सुरीने कापल्यासारखी रेषा दिसेल. छापील लेखांतले गुणक उचलू नका, तुमच्या नमुन्यांवरून नवे काढा. दुसऱ्याच्या सूत्रातून घ्यायचा तो आकार, कुठले पट्टे आणि कुठलं गुणोत्तर. आकडे त्याच्या पाण्याचे असतात.

पडताळणीसाठी बोटीची वेळ आणि उपग्रहाची वेळ तीन तासांच्या आत असावी, ही रूढ मर्यादा. भरती-ओहोटीच्या मुखात मी तीही जास्त मानतो. एका तासात नदीच्या पाण्याचा पट्टा किलोमीटरभर सरकतो आणि पिक्सेल दुसऱ्याच पाण्याचा होतो. नमुन्याभोवतीचा ३ बाय ३ पिक्सेलचा चौकोन घ्या, आणि त्या चौकोनातच आकडे फार विखुरलेले असतील तर ती जोडी सोडा. ३८ पैकी तुमच्या हातात आठ-दहा जोड्या उरल्या तर निराश होऊ नका. ढग, चमक आणि वेळ यांच्या चाळणीतून एवढंच पार पडतं.

उपग्रह किती खोल बघतो हेही विचारलं आहे. परत येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे नव्वद टक्के प्रकाश ज्या थरातून येतो त्याची जाडी म्हणजे एक भागिले प्रकाशक्षयाचा गुणांक (खोलीबरोबर प्रकाश किती झपाट्याने घटतो तो आकडा). निळ्यात हा गुणांक ४ प्रति मीटर असेल तर वरचे २५ सेंटीमीटर. गोड्या पाण्याचा पातळ थर खारट पाण्यावर तरंगत असेल तर नकाशा त्या थराचाच आहे, खालच्या दहा मीटरांबद्दल तो गप्प आहे. म्हणून नमुना पृष्ठभागावरून घ्या आणि क्षारतेचा खोलीनुसार आलेखही सोबत ठेवा.

उपग्रहांवरच्या यंत्रांबद्दल थोडक्यात. मॉडिसचा एक किलोमीटरचा पिक्सेल अरुंद मुखाला मोठा पडतो. सेंटिनेल-३ वरचं ओल्सी ३०० मीटर आणि २१ पट्टे देतं, त्यात ४०० नॅनोमीटरचाही पट्टा आहे. तुमच्या कामाचा कणा तेच असावं. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट-८ दहा ते साठ मीटरांत सुंदर तपशील देतात, पण ती जमिनीसाठी बनवलेली यंत्रं आहेत, गडद पाण्यात त्यांचा गोंगाट जास्त. अनेक पिक्सेलची सरासरी घेऊन हिरवा-लाल गुणोत्तरापुरती वापरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या पेस या उपग्रहावरचं ओसीआय हे यंत्र ३४० पासून ८९० नॅनोमीटरपर्यंत सलग वर्णपट घेतं. अतिनीलाकडचा हा तुकडा मिळाल्याने सीडॉम आणि हरितद्रव्य वेगळे करायला पहिल्यांदाच पुरेशी जागा मिळाली आहे, आणि मला त्याबद्दल मोठी आशा आहे. पिक्सेल मात्र किलोमीटरभराचा आहे, त्यामुळे तुमच्या बाहेरच्या समुद्रासाठी तो जास्त उपयोगी.

शेवटी त्या ३८ नमुन्यांबद्दल. ज्यांची अचूक वेळ नोंदलेली नाही ते पडताळणीतून काढा, पण टाकून देऊ नका. सीडॉम आणि डीओसी यांचं नातं ठरवायला अचूक वेळेची गरज नसते, तारीख आणि क्षारता पुरते. वर्णपटाच्या मूळ फाइल असतील तर उतार नव्याने, वर सांगितल्याप्रमाणे बसवा. पूर आणि आटलेले दिवस असे दोन गट करून दोन रेषा काढा आणि त्या दोन रेषांमधलं अंतर हीच सध्याची अनिश्चितता म्हणून नकाशावर लिहा. नवे नमुने घ्यायला एकाच फेरीचे पैसे असतील, तर ती फेरी पुराच्या पहिल्या लोटानंतरच्या आठवड्यात ठेवा. तुमच्या यादीत त्या दिवसांचे फक्त तीन बिंदू आहेत.